पाटी तीच, मस्टर नवे

प्रति,
मा. सचिव,
वित्तीय सेवा विभाग, अर्थ मंत्रालय, भारत सरकार,
जीवनदीप इमारत, संसद मार्ग, नवी दिल्ली.

विषय : 'एक राज्य, एक ग्रामीण बँक' आणि धाराशिव जिल्ह्यातल्या काउंटरमागची माणसे

महोदय,

१ मे २०२५ हा गुरुवार होता, महाराष्ट्र दिनाची सुट्टी. धाराशिव जिल्ह्यातल्या ग्रामीण बँकेच्या शाखांची शटरे खाली होती, आणि नेमक्या त्याच दिवशी त्या शाखा ज्या बँकेच्या होत्या ती बँक कागदावर संपली. नागपूरची विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि छत्रपती संभाजीनगरची महाराष्ट्र ग्रामीण बँक मिळून एक नवी बँक झाली. तिचे नाव महाराष्ट्र ग्रामीण बँक असेच राहिले. त्यामुळे शुक्रवारी शटर वर गेले तेव्हा कळंबच्या काय, परंड्याच्या काय, खातेदाराला काहीच वेगळे दिसले नाही. पाटी तीच, पासबुक तेच, काउंटरवरचा माणूसही तोच. त्या माणसाचे मस्टर तेवढे नवे होते.

हे पत्र त्या माणसाविषयी आहे. ते मराठीत आहे, कारण आपले राजपत्र हिंदी-इंग्रजीत निघत असले तरी त्यावरचे प्रश्न इथल्या शाखेत मराठीतच विचारले जातात. "काय ओ सायेब, ब्यांक गेली म्हणं दुसरीकडं?" बाजाराच्या दिवशी, नोटा मोजण्याच्या यंत्राची घरघर चालू असताना, स्लिप पुढे सरकवत एखादी आजी असे विचारते. बँक कुठे गेलेली नाही, मावशी, असे साहेब सांगतो. मग स्लिपवर शिक्का मारतो. स्वतः आपण कुठे जाणार, हा त्याचा प्रश्न मात्र आजीने विचारलेला नसतो आणि त्याला उत्तरही देता आले नसते.

आधी आपल्या बाजूचे मान्य करायला हवे. देशात एके काळी १९६ ग्रामीण बँका होत्या. २००६ ते २०१० या काळात त्या ८२ झाल्या, २०१५ पर्यंत ५६, २०२१ पर्यंत ४३ आणि १ मे २०२५ रोजी २८. या शेवटच्या टप्प्यात २६ बँकांच्या ११ झाल्या, प्रत्येक नव्या बँकेचे अधिकृत भांडवल २,००० कोटी रुपये ठरले. लहान बँकेला संगणकप्रणालीचा खर्च झेपत नाही, बुडीत कर्जाचा एक वाईट हंगाम पेलवत नाही, हे खरेच आहे. धाराशिवच्या लोकांना तर विलीनीकरणाचा एक सरळ फायदाही दिसतो. तुळजापूर ते सोलापूर अंतर ४५ किलोमीटर. तरी ३० एप्रिलपर्यंत तुळजापूर एका ग्रामीण बँकेचे आणि सोलापूर दुसरीचे होते. सोलापूरच्या शाखेचा कागद पाचशे किलोमीटरहून दूरच्या नागपूरला जायचा. ही विचित्र वाटणी मोडली ते बरे झाले. सोलापुरात सासर-माहेर असलेल्या एखाद्या कर्मचाऱ्याला आता जवळची बदली तरी मागता येईल.

विलीनीकरणाला कर्मचाऱ्यांचाही सरसकट विरोध नाही. त्यांच्या मोठ्या संघटनेची जुनी मागणी तर साऱ्या ग्रामीण बँकांची मिळून एक राष्ट्रीय ग्रामीण बँक करा अशीच आहे. तक्रार वेगळी आहे. बँका एकत्र करताना आपल्या विभागाने भांडवलाचा, मुख्यालयाचा, प्रायोजक बँकेचा निर्णय तारखेसह जाहीर केला. माणसांचे प्रश्न 'यथावकाश' या खात्यात टाकले. राजपत्र ५ एप्रिलचे, अंमल १ मेपासून. मधले दिवस सव्वीस. बँकेतल्या कोणालाही विचारा, एप्रिलचा पहिला पंधरवडा म्हणजे मार्चच्या क्लोजिंगची झोपही न झालेले दिवस.

या सव्वीस दिवसांचे महत्त्व समजायला पन्नास वर्षे मागे जावे लागेल. १९७५ साली एम. नरसिंहम यांच्या कार्यगटाने ग्रामीण बँकांची कल्पना मांडली, आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या पहिल्या पाच बँका उघडल्या. व्यापारी बँकांचा शहरी साहेब खेड्यात रमत नाही, त्याचा पगार खेड्यातल्या व्यवसायाला परवडत नाही आणि त्याला शेतकऱ्याची भाषा कळत नाही, असा तेव्हाचा विचार होता. म्हणून माणूस त्याच भागातला घ्यायचा आणि पगार राज्य सरकारी कर्मचाऱ्याइतका द्यायचा. मालकीही वाटून दिली : केंद्र ५० टक्के, राज्य १५, प्रायोजक बँक ३५. पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, नांदेडला मराठवाडा ग्रामीण बँक सुरू झाली आणि तिच्या शाखा आमच्या बालाघाटाच्या माळावर आल्या. २००९ मध्ये तिचे विलीनीकरण होऊन महाराष्ट्र ग्रामीण बँक झाली. गावातले जुने लोक अजूनही 'मराठवाडा ग्रामीण'च म्हणतात.

म्हणजे १९८०च्या दशकाच्या अखेरीस नोकरीला लागलेला माणूस एकाच खुर्चीवर बसून तीन बँकांचा कर्मचारी होऊन निवृत्त होतो. तो पहिल्यांदा लागला तेव्हा त्याला व्यापारी बँकेतल्या कारकुनापेक्षा कमी पगार होता. राष्ट्रीय औद्योगिक न्यायाधिकरणाच्या १९९०च्या निवाड्याने तो बरोबरीला आला. निवृत्तिवेतनाची बरोबरी मिळवायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, तो निकाल २०१८ चा. महोदय, हा इतिहास आपल्या फायलींत असेलच. इथे तो एवढ्यासाठी सांगितला की या लोकांना जे काही मिळाले ते बहुतेक निवाड्याने मिळाले. परिपत्रकाने आपले भले होईल यावर त्यांचा विश्वास पटकन बसत नाही, त्याला कारण आहे.

'स्थानिक माणूस' म्हणजे काय, हे एका नवं-जुनं प्रकरणावरून पाहता येईल. दिल्लीच्या वाचकाला हा शब्द कदाचित माहीत नसेल. पीककर्ज मुदतीत भरून पुन्हा तेवढेच उचलणे म्हणजे नवं-जुनं करणे. मुदत पाळली तर केंद्राची व्याजसवलत मिळते, राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख योजनेतून उरलेले व्याजही माफ होते आणि तीन लाखांपर्यंतचे कर्ज बिनव्याजी पडते. मुदत चुकली की व्याज चढते, खाते थकबाकीत जाते, आणि मग तो शेतकरी पुन्हा सावकाराच्या ओट्यावर. हे टाळणारी गोष्ट कुठल्याही प्रणालीत नोंदलेली नाही. शाखेतला कारकून चहाच्या टपरीवर कुणाला तरी हाक मारतो, "तुमच्या भावाला सांगा, महिनाअखेरीच्या आत येऊन जा म्हणावं, आठ-अ आणि सातबारा घेऊन." भावाने पैसे कुठून उभे करायचे हेही त्याला ठाऊक असते : सोयाबीन अजून घरात आहे, दर वाढायची वाट बघतोय. कोणाचा सातबारा सामाईक आहे, कोणाचा बोजा अजून उतरलेला नाही, कोणाचा जामीनदार गेल्या वर्षी वारला, हे त्याच्या डोक्यात असते. या जिल्ह्यात जिल्हा मध्यवर्ती बँक तेरणा आणि तुळजाभवानी या दोन साखर कारखान्यांच्या थकलेल्या कर्जांखाली वाकली, तेव्हापासून पीककर्जासाठी गावाची नजर ग्रामीण बँकेकडे अधिकच वळलेली आहे. नीती आयोगाने २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातून जे चार जिल्हे घेतले त्यांत हा एक. वित्तीय समावेशन हा त्या यादीतला एक निकष. तो निकष प्रत्यक्षात हा टपरीवरचा माणूस पुरा करतो.

आणि आता त्याच्या मनात एकच हिशेब चालू आहे : मला कुठे टाकतील? पूर्वीच्या बँकेचा पसारा राज्यभर नव्हता, दूर म्हणजे किती दूर याला एक हद्द होती. नव्या बँकेचा पसारा गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत आहे. धाराशिवहून गडचिरोली पाचशे किलोमीटरच्या पुढे. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत, आई अंथरुणाला, मुलगी दहावीला. अशा घरात 'राज्यभर एक बँक' हे शब्द सकाळच्या पेपरात वाचले की चहा गार होतो.

कायद्याने त्याला संरक्षण आहे, हे खरे. विलीनीकरणाच्या कलमानुसार दोन्ही बँकांचे कर्मचारी त्याच पगारावर, त्याच सेवाशर्तींवर नव्या बँकेत येतात. पगार सुरक्षित आहे हे सगळ्यांना कळले आहे. पण नोकरी म्हणजे फक्त पगार असता तर काय हवे होते! बदली कुठे, बढती कधी, यादीत आपल्या वर कोण, या तिन्हींवर ते कलम फारसे बोलत नाही, आणि शाखेतली कुजबूज नेमकी याच तिन्हींवर चालते.

त्यातली ज्येष्ठतेची गाठ सर्वांत अवघड. दोन बँकांत भरती वेगवेगळ्या वर्षी झाली, बढतीच्या जागा वेगवेगळ्या वेगाने निघाल्या. एकीकडे आठ वर्षांत स्केल दोनला गेलेला अधिकारी आणि दुसरीकडे अकरा वर्षांनी तिथे पोहोचलेला अधिकारी एका यादीत बसवायचे, तर कुणाच्या तरी पोटावर पाय येणारच. प्रश्न तो पाय कोणाच्या पोटावर, हे कोण, कशाच्या आधारे ठरवणार आणि ते कधी सांगणार हा आहे. मराठवाड्याला वाटते विदर्भ पुढे जाईल, विदर्भाला वाटते मुख्यालय संभाजीनगरला गेले म्हणजे आपले संपले. प्रायोजक बँकही विदर्भ-कोकणवाल्यांची बदलली : बँक ऑफ इंडिया जाऊन बँक ऑफ महाराष्ट्र आली. तेव्हा धास्ती दोन्ही बाजूंना आहे, आणि दोन्ही बाजू एकमेकांकडे बोट दाखवतात. आजवर एकमेकांचे तोंडही न पाहिलेल्या सहकाऱ्यांत सलामीलाच असा संशय यावा, हे कोणत्या व्यवस्थापनाला परवडेल?

मागचा अनुभव इथे ताजा आहे. मराठवाड्यात एक 'हैदराबाद बँक' होती. १९४१ मध्ये निजामाच्या राजवटीत, हाली सिक्क्याच्या काळात, ती स्थापन झाली. पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली. १ एप्रिल २०१७ रोजी ती इतर चार सहयोगी बँकांसह स्टेट बँकेत विलीन झाली. त्या काळात सहयोगी बँकांतल्या सुमारे २,८०० जणांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. नेमके त्याच तारखेपासून स्टेट बँकेने किमान शिल्लक न ठेवणाऱ्यांकडून दंड घ्यायला सुरुवात केली. खेड्यातल्या शाखेत ही मर्यादा एक हजार रुपये होती. दोन निर्णय वेगळे होते, पण खातेदाराला ते एकाच दिवशी भेटले. शिव्या कोणी खाल्ल्या? काउंटरवरच्या माणसाने, ज्याने ना विलीनीकरण ठरवले होते ना दंड. पुढच्या वर्षी जवळपास १,३०० शाखांचे आयएफएस कोड बदलले, तेव्हा पगाराचे, अनुदानाचे, मुलाने पुण्याहून पाठवलेले पैसे कुठे अडकले हे शोधत लोक पुन्हा त्याच काउंटरशी आले.

कोडाचा विषय निघालाच आहे तर एक गंमत. विदर्भ कोकण ग्रामीण बँक २०१३ साली वैनगंगा कृष्णा ग्रामीण बँक आणि विदर्भ क्षेत्रीय ग्रामीण बँक मिळून झाली. वैनगंगेचे नाव पाटीवरून गेले, पण विलीन बँकेच्या आयएफएस कोडाच्या अक्षरांत ती वैनगंगा पुढे वर्षानुवर्षे वाहत राहिली. यंत्राला जुने नाव सोडायला इतका वेळ लागतो. माणसाला सव्वीस दिवस दिले.

आणि वेळही कोणती निवडली? १ मेनंतर महिनाभरात पीककर्जाचा हंगाम. तो सरतो न सरतो तोच सप्टेंबरच्या चौथ्या आठवड्यात परंडा, भूम भागात पुराच्या पाण्याने गावेच्या गावे वेढली. माणसांना हेलिकॉप्टरने काढावे लागले. पिके गेली, माती वाहून गेली. सरकारी मदत थेट खात्यात येणार म्हटल्यावर लोक खात्याकडेच धावले. कोणाचे आधार जोडलेले नाही, कोणाचे खाते वर्षानुवर्षे व्यवहार नसल्यामुळे बंद, कोणाच्या अंगठ्याचा ठसाच उमटत नाही, कारण त्या हातांनी आयुष्यभर मातीच उपसली आहे. त्याच सुमारास राज्याच्या 'लाडकी बहीण' योजनेची ई-केवायसीही निघाली. शाखेच्या दारात सकाळी नऊपासून चपलांची रांग लागायची, माणसे सावलीला बसायची. आत एक अधिकारी, एक कार्यालय सहायक आणि एक रोजंदारीवरचा पोरगा. गावाला मदत पोहोचवणाऱ्या या तिघांपैकी कोणाला विचारले असते की पुढच्या वर्षी या वेळी तुम्ही इथेच असाल का, तर तिघांनी खांदे उडवले असते.

त्या रोजंदारीवरच्या पोराचे तर आपल्या कागदात नावच नाही. झाडलोट, चहा, व्हाउचर शिवणे, तिजोरीच्या खोलीपर्यंत पेट्या नेणे ही कामे अनेक ग्रामीण शाखांत रोजावरचे लोक करतात. पासबुक छापून देणे हे कागदोपत्री त्यांचे काम नसते, पण गावातल्या अर्ध्या म्हाताऱ्यांचे पासबुक तेच छापून देतात. पिग्मी गोळा करणारा प्रतिनिधी आहे, वाडीवर यंत्र घेऊन जाणारा बँक मित्र आहे. 'कर्मचारी' या व्याख्येत यांपैकी कोणी बसत नाही, म्हणून सेवा चालू राहण्याची कायद्याची हमीही त्यांच्यापर्यंत येत नाही. कायम कर्मचाऱ्याला बदलीची धास्ती आहे, यांना उद्याच्या हजेरीची.

तेव्हा आपल्या विभागाकडे, आणि आपल्यामार्फत नव्या बँकेच्या संचालक मंडळाकडे, मागण्या फार मोठ्या नाहीत. ज्येष्ठतेची एकत्रित यादी पक्की करण्याआधी तिचा कच्चा मसुदा प्रत्येक शाखेत लागावा, कोणत्या नियमाने कोणाला कुठे बसवले हे त्यावर लिहिलेले असावे, हरकतीला पुरेसा अवधी मिळावा आणि हरकतीचे उत्तर लेखी यावे. तोंडी 'बघू' नको. बदल्यांबाबत निदान कार्यालय सहायक आणि शिपाई यांना त्यांच्या आजच्या प्रादेशिक कार्यालयाच्या हद्दीबाहेर त्यांच्या इच्छेविरुद्ध पाठवणार नाही, असे एका ओळीत जाहीर करावे. अधिकाऱ्यांना तेवढी सूट देता येत नसेल तर किती वर्षे, किती दूर आणि परत कधी, हे तरी आधी सांगावे. पीककर्जाच्या ऐन हंगामात, मे-जूनमध्ये, शाखेतला एकुलता एक माहितगार उचलू नये. हे कर्मचाऱ्यापेक्षा शेतकऱ्यासाठी मागितले आहे. रोजंदार, पिग्मी प्रतिनिधी आणि बँक मित्र यांची शाखावार मोजणी व्हावी आणि त्यांच्या कामाची जुनी वर्षे नव्या बँकेने ग्राह्य धरावीत. मोजलेच नाहीत तर वगळल्याचेही कोणाला कळणार नाही.

आणखी एक. २०१५च्या दुरुस्तीने ग्रामीण बँकांना बाहेरून भांडवल उभारायची मुभा मिळाली, केंद्र आणि प्रायोजक बँक मिळून ५१ टक्के राखले म्हणजे झाले. त्यामुळे पुढचा टप्पा शेअर बाजाराचा, ही चर्चा शाखेत आधीच सुरू आहे. तसा काही विचार असेल तर या खेपेची घाई पुन्हा नको. राजपत्र निघण्याच्या आधी, सूचना देण्याजोगा अवधी ठेवून, मसुदा कर्मचाऱ्यांसमोर ठेवावा. तोही मराठीत. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, वाशी, भूम, परंडा, आठही तालुक्यांत तो वाचायला लोक तयार आहेत.

उत्तर पाठवायचे झाल्यास ते माझ्या घरी नको. शाखेत लॉकरच्या भाड्याचा तक्ता असतो, त्याच्या शेजारी सूचना फलकावर बरीच जागा रिकामी आहे. तिथे लागले तर बाजाराच्या दिवशी आजीलाही कोणीतरी वाचून दाखवील.

कळावे,

आपला विश्वासू,
धाराशिव जिल्ह्यातला एक खातेदार

प्रत माहितीसाठी :
मा. अध्यक्ष, महाराष्ट्र ग्रामीण बँक, छत्रपती संभाजीनगर
मा. व्यवस्थापकीय संचालक, बँक ऑफ महाराष्ट्र, लोकमंगल, शिवाजीनगर, पुणे